पनवेलला ठेवलेला एक

८ नोव्हेंबर, शनिवार
अलिबागला जाऊन चिनी पद्धतीच्या सुया टोचून घेतल्या. पहिलीच वेळ.
नणंद मुमताज मुंब्र्याहून फोनवर तेच तेच बोलत होती, "भाभी, एकदा जाऊन तर बघ, आमच्या बिल्डिंगमधल्या बाईला झालं." झालं म्हणजे मूल. सुयांनी झालं, की डॉक्टरने झालं, की अल्लाहने दिलं, विचारलं तर बोलली, "तू पण ना भाभी."
डॉक्टर बाई आहे ना, हे आधी फोन करून विचारून घेतलं. साठीची असेल. केस पांढरे, रंग लावत नाही. पाळी कशी, झोप कशी, पाय थंड पडतात का. पाय थंड पडतात का हे आजपर्यंत मला कोणी विचारलं नव्हतं. जीभ बाहेर काढायला लावली. मग मनगट तीन बोटांनी धरून बराच वेळ नाडी बघितली.
पनवेलच्या टेस्टट्यूबवाल्या दवाखान्याचे कागद वाचले. दोनदा आत ठेवले, दोनदा राहिलं नाही. दोन्ही वेळा पिशवीचं अस्तर पातळ. आता पनवेलच्या फ्रीजमध्ये एकच एम्ब्रियो उरला आहे. परत अंडी काढणं ह्या वयात होणार नाही, हे पनवेलच्या डॉक्टरीणबाईने तोंडावर सांगून ठेवलंय.
सुयावाली (पुढे सु.डॉ. लिहीन) बोलली, "मी मूल देत नाही. रक्त खाली नीट पोहोचेल एवढं बघते. बाकी तुमचं पनवेल."
एवढं कमी सांगून पैसे घेणारी पहिलीच भेटली. बरं वाटलं.
प्रत्येक सुईला मनात बिस्मिल्लाह. दुखत नाही. मुंगी चावून विसरून गेल्यासारखं. एका जागी थेंबभर रक्त आलं. आम्ही शाफई पंथाचे, रक्त आलं तरी वुजू जात नाही, परत हात-पाय धुवावे लागत नाहीत, म्हणून दुपारची जोहर तिथेच कोपऱ्यात अदा केली. सतरंजी तिनेच काढून दिली.

१५ नोव्हेंबर
दुसरी वेळ. पोटावर, हातावर, पायाच्या आतल्या अंगाला घोट्याच्या वर. ती घोट्याची जागा जड पडते, आत कोणी दोरी ओढतंय असं. सु.डॉ. बोलली, "इथे पोटुशी बाईला टोचत नाहीत."
म्हणजे इथे टोचतेय तोवर काही नाही.
घरी माँ तयारच. "काय गो नसीम, आजपण टोचून आलीस? माझा पोरगा तिकडे बहरीनला उन्हात उभा ऱ्हातो, आणि तू इकडे सुया टोचायला पैसे देतेस. मना सांग, मी गोधडीच्या सुईने टोचते. फुकट."
मी बोलले, "माँ, तुम्हाला दोरा ओवायला मीच लागते."
हसली. पण हसू तोंडात ठेवून, बाहेर न काढता.

२२ नोव्हेंबर
कानाला मोहरीएवढ्या बिया, पट्टीने चिकटवून दिल्या. दिवसातून मधून मधून दाबायच्या. वुजूत कानावरून ओला हात फिरतो, त्याला हरकत नाही. पण पाळीनंतरच्या गुसलला सगळीकडे पाणी लागायला पाहिजे, पट्टी काढावी लागेल. सु.डॉ.ला हे सांगताना वाटलं हसेल. नाही हसली. जास्तीच्या पट्ट्या पाकिटात घालून दिल्या. "आंघोळ झाली की आरशात बघून स्वतः लावा."
माँ : "कानात मोहऱ्या पेरल्यास? पाणी घाल, उगवतील."

२९ नोव्हेंबर
आज मीच विचारलं, चिनी औषध पोटात घ्यायचं पण असतं ना? बोलली, "असतं. मी देत नाही. हार्मोनच्या गोळ्या चालू करायच्या असताना तर नाहीच. कोणी दिलं तर आधी मला दाखवा."
कोण देणार मला चिनी औषध. रेवदंड्याच्या बाजारात सुकट मिळते.
हिशेबाच्या वहीत सुया कुठल्या खात्यात घालायच्या ठरेना. शेवटी 'औषध'मध्येच घातल्या.

७ डिसेंबर
इक्बालभाई बहरीनहून सुट्टीवर आला, त्याच्या हातून ह्यांनी पार्सल पाठवलं. माँला शाल, मला खजूर, आणि एक लाल पत्र्याचा डबा. आत काळ्या चकचकीत वड्या, प्रत्येक वडी सोनेरी कागदात. डब्यावर एका बाईचं चित्र, गाल गुलाबी. बाकी सगळी चिनी अक्षरं.
फोन केला. ह्यांचं म्हणणं, त्यांच्या कंपनीत चिनी फोरमन आहे, त्याच्या बायकोने हेच खाल्लं, रक्त वाढलं, दोन मुलं झाली. तिकडे चिनी दुकानात मिळतं, स्वस्त नाही.
मी विचारलं, हलाल आहे ना?
"मी विचारल्याशिवाय घेईन का? दुकानदाराला बोललो, नो पिग? तो बोलला, नो पिग, नो पिग. दोनदा विचारलं."
सु.डॉ.ला दाखवते, मी बोलले, तर हे नको बोलले. "डॉक्टर लोक दुसऱ्याचं औषध बघितलं की चिडतात. माझ्यावर भरोसा आहे ना?"
आहे.

९ डिसेंबर
वडी गरम दुधात विरघळवून घेतली. वास... आमच्या माहेरी सुतार पाट जोडताना सरस उकळायचा, तसा. नाक धरून प्यायले. ह्यांनी एवढ्या लांबून पाठवलंय.
माँला सांगितलं खजुराचं दूध आहे. खजूर घातलाच होता, त्यामुळे खोटं नाही.

२० डिसेंबर
सुया चालू. वड्या चालू. पाय रात्री गरम राहतात आता. झोप बरी. पहाटे फजरला उठताना अंग जड नाही. कशाने, ते एकेक वेगळं करून कसं बघणार? भाजीला चव आली की मिठाची, की मसाल्याची, की भुकेची.
सु.डॉ.समोर डब्याचा विषय काढला नाही. घोट्याची दोरी ओढली जात होती तेव्हा काढावासा वाटला. नाही काढला.

२८ डिसेंबर, रविवार
पनवेल. एसटी वडखळला नेहमीसारखी अडकली. सोनोग्राफीत अस्तर चांगलं निघालं. इतकं चांगलं माझं कधीच नव्हतं. पनवेलची (प.डॉ.) चष्मा वर करून परत बघू लागली. "काय केलंत?"
"सुया."
"सुया चालतील. आणखी काही?"
"दुआ."
"ती चालूच ठेवा. जानेवारीच्या पाळीला तयारी करू."
वड्यांचं ओठापर्यंत आलं होतं. ह्यांचा आवाज आठवला.
येताना एसटीत सगळ्या रस्त्याला दुरूद पढले. पेणला एक बाई शेजारी येऊन बसली, लहान मूल मांडीवर, झोपलेलं. त्याचा पाय माझ्या मांडीवर आला. तिने बाजूला केला नाही, मीपण नाही.

१० जानेवारी
हे आले. सुट्टी मिळाली. जो पनवेलला ठेवलेला आहे तो आत ठेवतील तेव्हा इथे असणार. मागच्या दोन्ही वेळा नव्हते.
बारीक झालेत. माँ बोलली, "तिकडे तुला वाळत घालतात काय?"

१३ जानेवारी
पाळी आली, गोळ्या सुरू.
हे घरात असले की वुजू टिकत नाही. शाफईत नवऱ्याचा हात लागला तरी वुजू जातो. पाण्याचा तांब्या देताना बोट लागतं. ताटली घेताना लागतं. आज असरच्या नमाजला तीनदा वुजू केला. तिसऱ्यांदा मोरीत उभी होते, तर बाहेरून बोलले, "आता लांब बसतो बाबा, वाडीत जातो." गेले सुपारीच्या झाडाखाली, तिथून हात हलवला.
लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मोजली तर एकत्र राहिलेले महिनेच भरतील.

२४ जानेवारी, शनिवार
हे बरोबर अलिबागला आले. बाहेर बाकावर बसले.
सु.डॉ.ने जीभ काढायला लावली. बघत राहिली. "जिभेवर थर आलाय. मागच्या वेळेपेक्षा जाड. काही वेगळं खाता का?"
जीभ बाहेर होती. खोटं बोलायला आत घ्यावी लागली असती. तशीच मान हलवली, हो.
मग सगळं सांगितलं. ह्यांना आत बोलावलं. ह्यांच्या फोनमध्ये डब्याचा फोटो होता, दुकानात काढलेला. तिने चष्मा लावून मोठा करून बघितला. शिकताना ही अक्षरं बघितलेली तिने.
"तुम्ही मांसाहारी ना?"
"हो."
"मग सांगते. हे गाढवाच्या कातड्याचं आहे. कातडं उकळून उकळून आटवतात. त्यांच्याकडे रक्त वाढवायला जुनं औषध आहे."
हे बोलले, "गाढव?"
"गाढव."
"पण तो नो पिग बोलला."
"खरं तेच बोलला," ती बोलली.
डुकरासारखं गाढवपण आम्हाला हराम. ती रागावली नाही, आवाज मात्र बदलला. गाढवाचं तुमचं तुम्ही बघा, पण हार्मोनच्या गोळ्यांबरोबर काहीतरी आत जातंय, त्या डब्यात आणखी काय मिसळलंय कोणाला ठाऊक, हे पनवेलला आज कळलं पाहिजे. माझ्यासमोरच फोन लावला.
आज सुया लावल्या नाहीत.

२५ जानेवारी
काल घरी आल्यावर चूळ भरली. परत भरली. मग कळलं, चूळ भरून काय होणार, दीड महिना झाला.
ह्यांनी माँला स्वतः सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. भाकरी थापत होती. थापत राहिली. मग बोलली, "नातू यायच्या आधी गाढव आला घरात."
हे उठून वाडीत गेले. माँच्या लक्षात आलं जास्त झालं. मला बोलली, "जा, त्याला बोलव, भाकरी गार होते."
उरलेल्या वड्यांचं काय करायचं? माँ : "खुर्चीचा पाय निसटलाय, त्याला लाव. खुर्चीला हराम-हलाल नाय." मी वाडीत खड्डा करून पुरल्या. डबा चांगला मजबूत आहे. धुऊन ठेवला.

२७ जानेवारी
पनवेल. प.डॉ. मला नाही, ह्यांना ओरडली. रक्त घेतलं, लिव्हर वगैरे बघायला. "ह्या पाळीला नाही ठेवणार. तुमचा शेवटचा आहे. मी अंदाजावर ठेवणार नाही. पोट साफ होऊ दे, पुढच्या पाळीला बघू."
पुढच्या पाळीपर्यंत ह्यांची सुट्टी नाही.
येताना वडखळच्या ट्रॅफिकमध्ये हे बोलले, "डुकराचं विचारलं होतं मी."
"हो."
"बाकीचं सुचलंच नाही."
"कोणाला सुचणार."
पुढे बराच वेळ एसटी हलली नाही.

२९ जानेवारी
आपाकडे गेले. मदरशात मुलींना शिकवते, धर्माचं शिकलेली आलिमा, म्हणून सगळे आपा म्हणतात, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. सगळं ऐकलं. मी गाढव बोलले तेव्हा ओढणी तोंडाशी नेली, पण हसली नाही. किंवा हसली असेल.
"भाभी, नकळत पोटात गेलं त्याचा गुनाह नाही. कळल्यावर नको."
मी बोलले, आणि अस्तर त्यानेच आलं असेल तर?
"त्याच्याने आलं की सुयांनी आलं, तुला माहीत आहे?"
"नाही."
"मग ज्याने आणलं तो दुसऱ्या वाटेने पण आणेल."
तिला सोपं आहे बोलायला, असं मनात आलं. तौबा केली. त्या विचाराची पण.

४ फेब्रुवारी
हे गेले. रक्ताचे रिपोर्ट बरे आले, तेवढं ऐकून गेले. दारात बॅग घेऊन उभे होते, बोलले, "ह्या वेळी काही पाठवणार नाही, खजूरपण नाही." मी बोलले, खजूर पाठवा, रमजान येतोय.
माँ रिक्षा वळेपर्यंत उभी होती. मग आत येऊन मला बोलली, "तुझ्या डोळ्यात काय गेलं?" काही गेलं नव्हतं. तिच्याच डोळ्यांत पाणी होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार
पाळी. गोळ्या परत पहिल्यापासून. दुपारी सु.डॉ.कडे. जीभ बघितली. "साफ होतेय." घोट्याची दोरी आज खूप ओढली.
विचारलं, वड्या नसताना अस्तर येईल?
"माहीत नाही," ती बोलली. "येईल असं सांगितलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं ना?"
हो. पण मग परत आले नसते कदाचित.

१६ फेब्रुवारी
पनवेल. अस्तर डिसेंबरएवढं नाही, पण चालण्यासारखं. मागच्या दोन वेळांपेक्षा बरं.
प.डॉ. बोलली, "ह्या रविवारी ठेवू शकतो. थांबायचं असेल तर पुढच्या पाळीला. पण परत एवढं येईलच हे मी लिहून देणार नाही."
रविवारी म्हणजे रमजान लागलेला असणार.
रविवारचं ठरलं तर उद्यापासून एक औषध सुरू, पोटात नाही, खालून आत ठेवायचं. सकाळ, संध्याकाळ. विचारलं, त्याऐवजी इंजेक्शन नाही का चालणार? बोलली, "इंजेक्शन आहेच. ते पण आणि हे पण. आणि गोळ्या दिवसातून तीनदा, पाणी भरपूर."
शाफईत आत काही ठेवलं की रोजा तुटतो. गोळीने तर तुटतोच.
पाळीचे दिवस सोडले तर वयात आल्यापासून माझा एक रोजा गेलेला नाही. तापातपण धरलेत. एका वर्षी रमजानच्या तोंडावर मागचा ठेवला आणि तो टिकला नाही, तेव्हासुद्धा, रक्त थांबल्यावर लगेच धरले. सांगण्यासारखं तेवढं एकच माझ्याकडे आहे, बाकी मी काय, दहावी पास, घरात बसलेली बाई.
ईदनंतर करू? की आता?
उत्तर उद्या सकाळपर्यंत द्यायचं आहे.

१७ फेब्रुवारी
फजरनंतर आपाला फोन. बोलली, "इलाज आहे, मजबुरी आहे, सूट आहे. नंतर कजा भर, तेवढे रोजे पुढे धर. भाभी, सूट अल्लाहनेच दिलेली आहे, ती घेतली म्हणून तू कमी होत नाहीस."
ह्यांना फोन. बोलले, तू ठरव. गाढवापासून सगळं 'तू ठरव'वर आलंय.
माँला विचारायचं नव्हतं. तीच आली. लसूण सोलायला घेतला आणि बोलली, "मुमताजच्या वेळी मी बारा रोजे सोडले. उलट्या थांबत नव्हत्या. मना कोणी इचारलं नाय की कुणाला फोन केला नाय. आणि तू इकडे काय बसलीस वजन करत?"
"माँ, तुमचं तेव्हा पोटात होतं. माझं अजून पनवेलला आहे."
"मग पनवेलला काय रोजा धरून बसलाय तो?"
प.डॉ.ला कळवलं. रविवारी.

१९ फेब्रुवारी
काल चांद दिसला. आज पहिला रोजा, माझ्याशिवाय.
पहाटे सहेरीला उठलेच. माँला चहा-भाकरी करून दिली. तिने नियत केली, मी बाजूला भांडी लावली. दुपारी गोळी घ्यायची वेळ आली तेव्हा पाण्याचा पेला घेऊन मोरीत गेले. माझंच घर. माँशिवाय कोणी नाही. तरी दाराआड उभं राहून प्यायले.
माँने आवाज दिला, "बाहेर येऊन पी गो. चोरी करतेस काय?"

२१ फेब्रुवारी
सु.डॉ.कडे. उद्याच्या आधीच्या सुया. कमी लावल्या. घोट्याची जागा नाही. मी पायाकडे बघितलं तर बोलली, "तिथे आता नाही."
पंखा बंद केला होता तिने, मला थंडी वाजू नये म्हणून. खिडकीतून समुद्राचा आवाज येत नाही तिच्याकडे, रिक्षांचा येतो. बरा वाटला.
पैसे द्यायला गेले. बोलली, "उद्याचं झालं की बघू." हिशेब उधार ठेवायची सवय नाही मला. ठेवून आले टेबलावर.

२२ फेब्रुवारी, रविवार
ठेवला.
माँ बरोबर आली. रोजा, आणि एसटीत एवढं लांब. नको बोलले तर, "माझा पोरगा नाय तर मी." वडखळला ऊन लागत होतं तिला, खिडकीला ओढणी धरून बसले मी. "सरळ बस," बोलली, "तुला कोणी हात वर करायला सांगितलाय?"
आत पडद्यावर दाखवलं. एक पांढरा ठिपका सरकला आणि थांबला. प.डॉ. बोलली, "बघा, बसला." मी कलमा पढत होते, मध्येच विसरले. लहानपणापासून येतो, आणि विसरले. परत पहिल्यापासून पढले.
बाहेर माँ तस्बीहची माळ घेऊन. "झालं?" "ठेवला." "दिसला?" "ठिपका." "कोणासारखा?"
नर्स हसली. माँने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.
मगरिब रस्त्यातच झाली. माँने एसटीत खजुराने रोजा सोडला. पिशवीतून दोन काढले, एक मला. मी बोलले, माझा कुठे रोजा आहे. बोलली, "त्याचा असेल."

२८ फेब्रुवारी
सु.डॉ. बोलली प्रवास नको, या आठवड्यात येऊ नका. फोनवर फक्त, कानाच्या बिया हलक्या दाबा, पाय गरम ठेवा.
काही जाणवत नाही. मागच्या दोन्ही वेळा खूप जाणवलं होतं, मळमळ, छाती जड, सगळं औषधाचं निघालं. या वेळी काही नाही, त्याचा अर्थ काय लावायचा? लावत नाही.
हे रोज फोन करतात. विचारत काही नाहीत. कालवण काय केलं विचारतात. आज मी कोळंबी सांगितली. "कोळंबी हलाल आहे," हे बोलले. दोघं हसलो. डब्यानंतर पहिल्यांदा.

३ मार्च
शुक्रवारी रक्त द्यायला जायचं. त्यावर कळेल.
माँ मला जड उचलू देत नाही. बादली स्वतः उचलते आणि मग कंबर धरून माझ्या नावाने ओरडते. शेजारणीने विचारलं, सून रोजे का धरत नाही? माँ बोलली, "तिच्या पोटात अल्सर हाय." शेजारीण गेल्यावर मला बोलली, "अल्सर चांगला वाढू दे."
रोजात खोटं बोलली म्हणून मग माफीचा इस्तिगफार पढत होती, मोठ्याने.

५ मार्च, गुरुवार
जोहरनंतर डाग दिसला.
गडद नाही. नाण्याएवढासुद्धा नाही. मोरीत बराच वेळ बसून राहिले. परत बघितलं, नवीन नव्हता. मग परत थोडा.
प.डॉ.ला फोन. "घाबरू नका. कधी कधी चिकटताना पण होतं. पाळीचा पण असू शकतो. औषध एकही बंद करायचं नाही. उद्या सकाळी रक्त द्या." म्हणजे तिलाही माहीत नाही.
सु.डॉ.ला फोन. "झोपून राहा. कान दाबू नका आज." मग, "नसीमताई, मी ऐकतेय, फोन ठेवायचा नसेल तर राहू दे." थोडा वेळ तसाच धरला, मग ठेवला.
ह्यांना नाही केला. ते ड्युटीवर असतील. उद्या एकदमच.
आपाला केला. नमाजचं विचारायचं होतं. बोलली, आत्ता रक्त दिसलंय तर थांब. एक दिवस-रात्र टिकलं तर हैज, म्हणजे पाळीच, नमाज माफ. त्याच्या आत थांबलं तर हैज नाही, सुटलेल्या नमाजी भरून काढायच्या.
एवढी वर्षं नमाज पढले, भरून काढायची लागावी म्हणून दुआ कधी केली नव्हती.
असरची अजान झाली. मी वुजूला उठले नाही. माँ मोरीतून हात-तोंड पुसत आली, तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कोरड्या हातांकडे. "वुजू?"
"थांबलेय."
घरातल्या बाईला ह्यापुढे सांगावं लागत नाही. तिने स्वतःचा मुसल्ला अंथरला, नियत बांधली.
मी पडल्या पडल्या हे लिहितेय. इफ्तारीच्या भजीचं पीठ भिजवायचं आहे. असर चार रकात, एव्हाना माँची झाली पाहिजे होती. ती अजून सजद्यातच आहे, डोकं जमिनीला टेकून काहीतरी पुटपुटत मागतेय. उठत नाही.